शनिवारचं भांडं



गेल्या हिवाळ्यात मी तीन महिने लेकीकडे लेस्टरला होते. इंग्लंडच्या डिसेंबरात सूर्य चारच्या आतच मावळतो. लेक घरूनच ऑफिसचं काम करते. सव्वातीनला शाळा सुटते, नातीला घेऊन घरी यायला साडेतीन होतात. म्हणजे सूर्यास्ताआधी पोरीच्या पोटात काही घालायचं तर हातात जेमतेम वीस मिनिटं. मी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी पाहिलं, लेकीनं कपाटातून एक डबा काढला, खट्‌कन उघडला, लालसर रसातले पांढरे दाणे पातेल्यात ओतले, दोन मिनिटं गरम केले आणि टोस्टवर वाढले. बेक्ड बीन्स. नातीनं आनंदानं खाल्ले, बशी चाटूनपुसून साफ.

मी डबा उचलला, चष्मा लावला आणि मागची चिठ्ठी वाचली. घेवडा, टोमॅटो, साखर, मीठ इथवर ठीक होतं. पुढे व्हिनेगर. आणि त्यापुढे नुसतंच 'मसाल्यांचा अर्क'. कसला मसाला? त्यात कांदा-लसूण आहे की नाही? मी लेकीला बोलले. जरा जास्तच बोलले. "आमच्या घरात डब्यातलं अन्न कधी आलं नाही," असंही म्हणाले. ती लॅपटॉप उघडता उघडता एवढंच म्हणाली, "आई, या डब्यामुळेच तर तिची अनस्तमी पाळली जाते."

मला उत्तर सुचलं नाही. रात्रभर ते वाक्य मनात घोळत राहिलं. मग मी ठरवलं, बोलणं पुरे, हे बीन्स आपण घरी करून बघू. करायचं तर पदार्थ आला कुठून, हे कळायला हवं. लेकीनं लायब्ररीचं कार्ड काढून दिलं. आणि या साध्या दाण्यांच्या मागे मला जे सापडलं, ते तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही.

दाणा कुठला?

डब्यातला तो छोटा पांढरा दाणा म्हणजे आपल्या राजम्याचाच भाऊ. एकाच जातीचं झाड. आपण श्रावणात ज्याच्या कोवळ्या शेंगांची भाजी करतो तो श्रावण घेवडा, म्हणजे फरसबी, तोही हाच. आणि कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा, ज्याच्या अंगावर वाघासारखे पट्टे असतात आणि ज्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तोही त्याच कुळातला. आमच्या सांगली भागात सातारकडची पाहुणी आली की पिशवीतून वाघ्या घेवडा आणायची, आणि आम्हाला वाटायचं हे तर आपलं पिढ्यान्‌पिढ्यांचं कडधान्य! प्रत्यक्षात हा घेवडा मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोच्या बाजूला आणि दक्षिणेत अँडीज पर्वताच्या अंगाखांद्यावर, अशा दोन ठिकाणी तिथल्या मूळ रहिवाशांनी हजारो वर्षांपूर्वी तो रानातून शेतात आणला. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोचला, त्यानंतर मका, मिरची, टोमॅटो यांच्यासोबत घेवडाही जगभर निघाला.

उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी मका, घेवडा आणि भोपळा एकत्र पेरायचे. या तिघींना ते तीन बहिणी म्हणत. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढतो, घेवडा जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची रुंद पानं जमीन झाकून ओल धरतात. आपल्याकडे ज्वारीत तुरीच्या ओळी टाकतात, त्यातलंच हे शहाणपण. आजच्या मेन राज्यातले पेनॉबस्कॉट लोक जमिनीत खड्डा करून, त्यात निखारे भरून, वर घेवड्याचं भांडं पुरून ठेवत आणि रात्रभर शिजू देत. मेपलच्या झाडाचा गोड रस घालून असा घेवडा शिजवायला मूळ रहिवाशांनीच गोऱ्या वसाहतवाल्यांना शिकवलं, असं बरेच जण सांगतात. काही इतिहासकार म्हणतात, कडधान्य मांसाच्या तुकड्यासह शिजवायची रीत हे लोक इंग्लंडहूनच घेऊन आले होते, इथे फक्त दाणा बदलला. दोन्हीत तथ्य असेल. परक्या गावी सासर मिळालेली मुलगीही असंच करते, रीत माहेरची आणि धान्य तिथलं.

शनिवारची संध्याकाळ

१६३० मध्ये प्युरिटन नावाच्या कडक पंथाच्या लोकांनी बोस्टन वसवलं. त्यांच्या घरचा एक नियम वाचून मी चमकलेच. त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस, शब्बाथ, रविवारी सकाळी सुरू होत नसे. तो शनिवारी सूर्यास्ताला सुरू होई आणि रविवारच्या सूर्यास्तापर्यंत चाले. त्या वेळात काम करायचं नाही. शेतात नाही, दुकानात नाही आणि चुलीपाशीही नाही.

मग घरातल्या माणसांनी खायचं काय? तिथल्या बायकांनी यातून वाट काढली. घरोघरी विटांची घुमटाकार भट्टी असे. शनिवारी त्यात लाकडं पेटवायची, भट्टी चांगली तापली की निखारे बाहेर ओढायचे, राख झाडायची. हात आत घालून आकडे मोजायचे. किती आकड्यांपर्यंत हात टिकतो त्यावरून उष्णता कळायची. मग ब्रेड आत जाई आणि त्यासोबत घेवड्याचं भांडं. हे भांडं मातीचं, पोट मोठं आणि तोंड लहान, म्हणजे आतलं पाणी लवकर उडत नाही. भट्टीचं दार लावलं की बाईचं काम संपलं. शनिवारी रात्री गरम बीन्स, आणि रविवारी प्रार्थनेला जाऊन आल्यावर भट्टीतल्या उरलेल्या उबेतले तेच बीन्स. ज्यांच्या घरी भट्टी नव्हती त्यांची भांडी गावातला भटारी गोळा करून नेई आणि शिजवून परत आणून देई. बोस्टन शहराला पुढे 'बीनटाउन' हे टोपणनाव पडलं ते यावरूनच.

सूर्यास्ताला चूल थांबवणाऱ्या बायका फक्त आपल्याच घरात होत्या असं मला तोवर वाटत होतं!

ज्यू लोकांच्या घरी ही रीत त्याहून कितीतरी जुनी. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत धान्य-कडधान्याचं भांडं मंद आचेवर बंद करून ठेवायचं आणि शनिवारी दुपारी उघडायचं, कारण शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही. कुठे त्याला हमीन म्हणतात, कुठे चोलेंत. आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल लोकांना जुने लोक 'शनवार तेली' म्हणत, ते का हे मला तेव्हा उमगलं. ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत.

एक फरक मात्र नीट लक्षात घ्यायला हवा. त्यांचा नियम कामाला विसावा देणारा, म्हणून रात्रभर ठेवलेलं अन्न त्यांना चालतं. आपला नियम जीवदयेचा. आपल्याला रात्र ओलांडलेलं, बासी अन्न चालत नाही. शिजलेल्या डाळ-कडधान्याला मर्यादा दोन प्रहरांची. त्यामुळे त्यांच्या घरची बाई शनिवारी भांडं बंद करून हात पुसायची, आणि आपल्या घरची बाई मात्र रोज ताजं, रोज दोनदा, रोज सूर्यास्ताच्या आत. मी पस्तीस वर्षं हे केलं आणि आनंदानं केलं. पण घरात माझ्यासोबत सासूबाई होत्या, जाऊ होती. लेस्टरच्या त्या घरात माझी लेक एकटी असते, हे मला भट्टीची गोष्ट वाचताना पहिल्यांदा नीट दिसलं.

भटाऱ्याची मुलगी

बेक्ड बीन्सची जुनी छापील कृती शोधता शोधता मला एक बाई भेटली. लिडिया मारिया चाइल्ड. जन्म १८०२, बोस्टनजवळच्या मेडफर्ड गावात. वडील भटारी. १८२८ मध्ये लग्न झालं, नवरा वकील आणि पत्रकार, पण पैशाच्या बाबतीत कायम ओढग्रस्त. घर चालवण्यासाठी लिडियानं १८२९ मध्ये गरिबीत संसार कसा करावा याचं पुस्तक लिहिलं, 'द फ्रुगल हाउसवाइफ', म्हणजे काटकसरी गृहिणी. त्याच्या तीसहून जास्त आवृत्त्या निघाल्या. आपल्याकडे नव्या सुनेला 'रुचिरा' देतात तसं ते पुस्तक तिकडे घराघरांत गेलं.

त्यात बेक्ड बीन्स आहेत. आदल्या रात्री दाणे भिजत घालायचे, सकाळी दोन-तीनदा धुवायचे, एक क्वार्ट म्हणजे साधारण लिटरभर मापाच्या दाण्यांना एक पौंड डुकराचं मांस, थोडी मिरपूड, दाणे बुडतील इतकंच पाणी आणि भट्टीत तीन-चार तास. मांसाचा भाग आपण सोडून देऊ. पण मला आश्चर्य वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्या कृतीत गोड काहीच नाही. आज ज्या काळ्या गोड मळीवाचून बोस्टनचे बीन्स म्हणताच येत नाहीत, ती मळी लिडियाच्या भांड्यात नाही. १८९६ मध्ये बोस्टनच्याच फॅनी फार्मर या बाईंचं गाजलेलं पाककृतीचं पुस्तक आलं, त्यात मळी आणि साखर दोन्ही आहेत. म्हणजे जो गोडवा आपण पूर्वापार समजतो, तो छापील कृतींत बराच नंतर पक्का झाला.

हीच लिडिया १८३३ मध्ये एक वेगळंच पुस्तक लिहून बसली. अमेरिकेतली गुलामगिरी ताबडतोब संपवावी, काळ्या माणसांना बरोबरीनं वागवावं, असं त्यात तिनं सरळ मांडलं. बोस्टनच्या प्रतिष्ठितांना हे रुचलं नाही. पाककृतीच्या पुस्तकाचा खप घसरला. मुलांसाठी ती एक मासिक चालवत असे. आईवडिलांनी वर्गण्या बंद केल्या आणि १८३४ मध्ये तिला ते सोडावं लागलं. ज्यांच्या घरी तिच्या कृतीनं बीन्स शिजत होते, त्यांनीच तिला दार लावलं. तिनं लिहिणं थांबवलं नाही.

तिच्या मेडफर्डची आणखी एक ओळख होती, रम. मेडफर्डची रम दूरवर प्रसिद्ध होती. आणि रम होते मळीपासून.

काळ्या गोडव्याचा हिशेब

आमच्या सांगली-कोल्हापुरात मळी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. साखर कारखान्यात साखरेचे दाणे वेगळे काढल्यावर जे काळं, दाट, कडसर-गोड उरतं ती मळी. काकवी वेगळी, ती गुऱ्हाळात काहिलीतला रस आटताना गूळ व्हायच्या आधी काढतात, तिच्यात उसाचा सगळा अंश असतो. न्यू इंग्लंडच्या लोकांना मळी स्वस्त मिळे, साखर महाग पडे. स्वस्त का मिळे?

ती यायची वेस्ट इंडीज बेटांवरून. तिथल्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबत. मळी जहाजानं बोस्टनच्या परिसरात यायची, तिची रम व्हायची, काही रम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जायची, तिच्या मोबदल्यात माणसं विकत घेतली जायची, आणि ती माणसं पुन्हा उसाच्या मळ्यांत. मेडफर्डमध्ये आयझॅक रॉयल नावाच्या श्रीमंताचा वाडा आजही उभा आहे. त्याची संपत्ती अँटिग्वा बेटावरच्या ऊसमळ्यातून आली होती. वाड्याशेजारी गुलामांना ठेवायची इमारतही अजून उभी आहे. ब्रिटिश सरकारनं १७३३ मध्ये परदेशी मळीवर जबर कर लावला, १७६४ मध्ये साखर कायदा आणला, आणि त्यावरून वसाहतींत असंतोष पेटला. अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी म्हातारपणी लिहून ठेवलं आहे, की देशाच्या स्वातंत्र्यामागे मळीचाही मोठा हात होता. स्वातंत्र्य मळीमुळे आलं खरं, पण ती मळी काढणाऱ्यांच्या वाट्याला आलं नाही.

त्याच बोस्टनमध्ये १५ जानेवारी १९१९ रोजी दुपारी मळीची एक अजस्र टाकी फुटली. उंची पन्नास फूट, आत सुमारे ८७ लाख लिटर मळी, बहुतेक कारखान्यांच्या अल्कोहोलसाठी साठवलेली. तिची लाट रस्त्यांतून इतक्या वेगानं धावली की माणसांना पळताही आलं नाही. २१ माणसं गेली, दीडशेच्या आसपास जखमी झाली, गाडीचे घोडे जागीच रुतून मेले.

आता लेस्टरकडे वळते. मी तिथे ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या जैन मंदिरात जात असे. १८६३ मधल्या चर्चच्या इमारतीत ते १९८८ मध्ये उभं राहिलं, दर्शनी बाजूला पांढरा संगमरवर. त्याच लेस्टरची एलिझाबेथ हेरिक. जन्म १७६९, ऐन तारुण्यात विधवा झाली, पुढे क्वेकर पंथात गेली. १८२४ मध्ये तिनं एक पत्रक काढलं: गुलामगिरी हळूहळू नको, आत्ताच्या आत्ता बंद करा. संसदेतले मोठमोठे पुरुष तेव्हा 'हळूहळू'च म्हणत होते. एलिझाबेथ आणि तिची मैत्रीण सुझॅना वॉट्स लेस्टरमध्ये घरोघर फिरल्या, वाण्यांच्या दुकानांत गेल्या, आणि बायकांना म्हणाल्या, गुलामांनी पिकवलेली साखर घरात आणू नका. बायकांना मताचा अधिकार नव्हता. पण घरात साखर कुठली येणार, हे तर त्याच ठरवत होत्या!

याआधी १७९१ मध्येही अशी साखरबंदी झाली होती. तेव्हा इंग्लंडात सुमारे तीन लाख लोकांनी वेस्ट इंडीजची साखर सोडली, असा थॉमस क्लार्कसन यांचा अंदाज होता. त्या चळवळीचं म्हणणं सरळ होतं: चाबूक मारणारा दोषी आहेच, मारायला लावणाराही आहे, आणि ती साखर आवडीनं चहात घालणाराही आहे.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसले. मैत्रिणींनो, हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कृत, कारित, अनुमोदना. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवून घेणं आणि केलेल्याला संमती देणं. आपल्या जपमाळेत १०८ मणी का, याचा हिशेब महाराजांनी आपल्याला सांगितलेला असतो: संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन, मन, वचन, काया हे तीन, कृत, कारित, अनुमोदना हे तीन, आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार. गुणाकार १०८. मी रोज माळ ओढते. पण साखरेच्या डब्यापाशी माळेतला तो तिसरा मणी मला कधी आठवला नव्हता.

तेव्हा इंग्लंडात हिंदुस्थानची साखर विकली जाई, 'गुलामांनी न बनवलेली' असं लिहिलेल्या भांड्यांतून. ऐकायला बरं वाटतं. पण १८३३ मध्ये कायदा होऊन ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी संपू लागली, तेव्हा मळेवाल्यांनी ऊस तोडायला माणसं नेली ती आपल्याच देशातून. मॉरिशस, गयाना, त्रिनिदाद. करारानं बांधलेली ती गिरमिटिया माणसं.

आणि आज? आमच्या घरचा पाच एकर ऊस. दिवाळी झाली की बीडकडून टोळ्या येतात. मुकादम उचल देऊन माणसं आणतो, नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. फडाच्या कडेला कोप्या पडतात. मी नवी सून असताना टोळीतली एक बाई आमच्या बांधावरच्या कोपीत बाळंत झाली होती. सासूबाईंनी माझ्या हातून काकवी, तूप आणि जुनं लुगडं पाठवलं. आठव्या दिवशी ती मोळ्या बांधताना दिसली. मी सासूबाईंना म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "फड थांबत नाही, बाई." आम्ही वाईट माणसं नव्हतो. दया होती, दानही होतं. पण प्रश्न विचारायचा असतो, हे कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

डब्याची गोष्ट

बीन्स डब्यात शिरले ते एकोणिसाव्या शतकात, आगबोटीच्या आणि कारखान्यांच्या काळात. पिट्सबर्गच्या हाइन्झ कंपनीनं १८९५ मध्ये टोमॅटोच्या रसातले बीन्स डब्यात भरायला सुरुवात केली, तेही आधी डुकराच्या मांसाच्या तुकड्यासह. इंग्लंडात आधी ती श्रीमंतांची चैन होती; पुढे कारखाने तिथेच निघाले आणि तो कामगाराच्या ताटातला रोजचा पदार्थ झाला. दुसऱ्या महायुद्धात मांसावर रेशन आलं, तेव्हा डब्यातला मांसाचा तुकडा गेला आणि तो परत आलाच नाही. म्हणजे हा डबा शाकाहारी झाला तो दयेमुळे नव्हे, टंचाईमुळे. तरीही त्या टंचाईचा फायदा माझ्या नातीला होतोच आहे. दाणा मात्र अजूनही बहुतेक अमेरिका-कॅनडातूनच इंग्लंडला जातो.

डबा म्हणजे आळस, असं मी समजत होते. भट्टीवाल्या बाईला शनिवारची एक संध्याकाळ मोकळी मिळायची. डबा आला आणि तेवढाच मोकळा वेळ रोज मिळू लागला. नोकरी करणाऱ्या बाईनं तो घेतला, यात तिचं काय चुकलं?

आपल्या घरी

आता कृती. लेस्टरला चार रविवार करून पक्की केली, मग सांगलीला येऊन वाघ्या घेवड्याची केली. दोन्ही उत्तम.

पाव किलो छोटा पांढरा राजमा निवडून, गाळलेल्या पाण्यात सात-आठ तास भिजवा. मोड येऊ द्यायचे नाहीत. भिजवलेलं पाणी टाकून द्या, ते वापरायचं नाही. नव्या गाळलेल्या पाण्यात मोठ्या आचेवर निदान दहा मिनिटं खळखळ उकळा. ही पायरी चुकवू नका. या जातीच्या घेवड्यात एक घातक द्रव्य असतं, ते नुसत्या मंद आचेवर जात नाही, उलट पोटाला त्रास होतो. मग आच कमी करून पाऊण ते एक तास शिजवा. फॅनी फार्मर बाईंची खूण छान आहे: चमच्यावर चार दाणे घ्या आणि फुंकर मारा, साल फाटून उलटली की झालं. फुंकर मारलेले दाणे भांड्यात परत टाकायचे नाहीत, हे त्यांनीही लिहून ठेवलं आहे!

दाणे पूर्ण मऊ होईपर्यंत टोमॅटो किंवा काकवी घालू नका. आंबट आणि काकवीतला चुना यांनी साल घट्ट होते, मग दाणा कितीही शिजवा, आत कचकचीत राहतो. तेच पुढे उपयोगी पडतं. आधी मऊ झालेला दाणा या रसात तासन्‌तास राहिला तरी फुटत नाही.

कढईत तीन चमचे तूप, हिंग, चार टोमॅटोंचा गाळलेला रस, एक चमचा मोहरीची पूड, अर्धा चमचा सुंठ, मिरपूड, तीन मोठे चमचे काकवी, मीठ. कांदा-लसूण नाही, ओलं आलं नाही, व्हिनेगर नाही. अष्टमी-चतुर्दशीला टोमॅटो चालत नसेल तर आमसुलाचं पाणी घ्या, रंग वेगळा येतो पण चव सुरेख लागते. रस उकळला की त्यात दाणे, वर दाणे बुडतील इतकं गरम पाणी. जाड, झाकणाच्या भांड्यात ओव्हनमध्ये दीडशे अंशावर तीन-साडेतीन तास. मधून पाहायचं, कोरडं वाटलं तर गरम पाणी घालायचं. शेवटचा अर्धा तास झाकण काढायचं म्हणजे रस दाटतो. ओव्हन नसेल तर जाड बुडाचं पातेलं तव्यावर ठेवून अगदी मंद आच.

पहाटे सहाला उकळायला ठेवले की दुपारी बारापर्यंत तयार. म्हणजे त्यांच्या रात्रीच्या भांड्याला आपण दिवसाचं केलं. चौघांना पुरतील इतकेच करा, उरवू नका. सोबत ज्वारीची भाकरी. दही नको, द्विदल होतं. इंग्लंडात वर चीज किसून घालतात, तेही आपण टाळायचं.

नातीनं पहिल्या रविवारी चाखून सांगितलं, "आज्जी, डब्यातल्यासारखे नाहीत." मग थोडं थांबून म्हणाली, "पण अजून वाढ."

लेकीला मी माझ्या त्या दिवसाच्या बोलण्याबद्दल क्षमा मागितली. तिनं दुसरा एक डबा शोधून काढला आहे, ज्यावर मसाल्यांची नावं नीट लिहिलेली आहेत, कांदा-लसूण नाही. व्हिनेगर आहे. रविवारी ती भांडं लावते, फोनवर वाफेचा फोटो पाठवते. बाकीच्या दिवशी साडेतीन वाजता काय होतं ते मी विचारत नाही. नातीचं जेवण सूर्यास्ताआधी होतं, एवढं मला ठाऊक आहे.

परत आल्यावर यंदाच्या हंगामात मी कोप्यांवर गेले. काकवी नेली होती, पण या वेळी बसले आणि बायकांना विचारलं, इथे तुम्हाला कशाची अडचण आहे. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या: पाणी लांबून आणावं लागतं, आणि आडोसा नाही. मी मुलाला सांगितलं. नळ झाला आहे. न्हाणीघर अजून व्हायचं आहे, विटा येऊन पडल्या आहेत. पुढच्या दिवाळीच्या आत ते झालं की नाही, हे मला तुम्ही विचारा. विचारलं की बरं पडतं.

काही चुकलं-माकलं लिहिलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.